वाचनाची भिशी

मराठीत लिहिणारे कमी झाले आहेत, अशी तक्रार कोणी करीत नाही. तक्रार असते ती वाचणारे कमी झाल्याची. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे हौशी लेखकांच्या आपल्याकडील मंडळांचे, कट्ट्यांचे आणि अलीकडे भ्रमणध्वनीवर भरणाऱ्या साहित्यसमूहांचे खरे दुखणे कोठे आहे, हे ध्यानात येते. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनातील कविकट्ट्यावर तासन्‌तास काव्यवाचन चालते. मंडपात बसलेले श्रोते बहुतांशी आपली पाळी येण्याची वाट पाहणारे कवी असतात आणि पाळी झाली की त्यांतील पुष्कळसे उठून जातात. याची थट्टा करणे सोपे आहे व वृत्तपत्रांतून ती होतही असते. प्रस्तुत लेखकाला त्या थट्टेत स्वारस्य नाही. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला येथे एक साधा, पण दुर्लक्षिला गेलेला प्रश्न दिसतो. ज्या बाजारात प्रत्येक जण विक्रेता आहे, तेथे गिऱ्हाईक कोणी व्हायचे?

'हौशी' हा शब्द येथे कोणास हिणविण्यासाठी वापरलेला नाही. मराठीत निव्वळ लेखणीवर संसार चालविणारे लेखक नेहमीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले. आपल्या वाङ्मयाचा फार मोठा भाग शिक्षकांनी, कारकुनांनी, वकिलांनी आणि डॉक्टरांनी आपापली नोकरी-धंद्याची वेळ सांभाळून लिहिलेला आहे. पैशाच्या कसोटीने पाहिले तर मराठीतील बहुतेक लेखक हौशीच ठरतील. फरक पडतो तो अन्यत्र. हौशी नटाचे उदाहरण घ्यावे. तालुक्याच्या गावचा हौशी नट दिवसा पंचायत समितीत फायली हलवितो आणि रात्री शाळेच्या वर्गातील बाके बाजूला सारून दीड-दोन महिने तालीम करतो. तेथे दिग्दर्शक त्याला मध्येच थांबवितो, एकच वाक्य दहा वेळा म्हणवून घेतो, प्रसंगी चारचौघांत बोलही लावतो. भजनी मंडळातसुद्धा ताल चुकला की शेजारचा टाळकरी डोळे वटारून पाहतो. एकटा हौशी लेखक तेवढा असा आहे की ज्याला तालीमच नाही. त्याने रात्री लिहिलेली कविता सकाळी समूहावर जाते, दुपारपर्यंत तिच्यावर तीस अभिप्राय येतात, आणि ते तीसही एकाच साच्यातले असतात.

पुण्याची पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालत आली आहे. २०२२ साली तिच्या परीक्षकांनी अंतिम फेरीतील एकाही संघाला करंडकास पात्र मानले नाही. त्यावर पुष्कळ वादंग माजले. तो निर्णय योग्य होता की अयोग्य, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, हौशी रंगभूमीवर 'नाही' म्हणणारी एक जागा अजून शिल्लक आहे, आणि त्या 'नाही'वर कडाक्याचे भांडण करावे इतकी आस्थाही शिल्लक आहे. हौशी लेखनात 'नाही' म्हणणारे कोण आहे?

एके काळी ते काम मासिकांचे संपादक करीत. श्री. पु. भागवत व राम पटवर्धन यांनी 'सत्यकथे'कडे आलेल्या नवख्यांच्या कथा बारकाईने वाचून त्यांना पत्रे लिहिली, कथा पुन्हा लिहावयास लावल्या. त्या पत्रांचा धाक वाटे आणि रागही येई. १९६९ साली काही तरुण लेखकांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली, तिच्यामागे प्रस्थापितांच्या अभिरुचीविरुद्धचा असाच साचलेला राग होता. परंतु त्या पिढीतील बंडखोर नुसते रागावून थांबले नव्हते. 'शब्द', 'असो' यांसारखी अनियतकालिके त्यापूर्वीच निघालेली होती. त्यांतील काही तर चक्रमुद्रित म्हणजे सायक्लोस्टाइल केलेली होती. त्यांचा खप तो किती असणार! तथापि त्यांत लिहिणारे परस्परांचे कठोर वाचक होते, आणि हीच त्या चळवळीची खरी पुंजी होती. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडले. दिवाळी अंक आजही निघतात. पण आलेल्या प्रत्येक लेखनावर पत्र लिहिण्याइतके मनुष्यबळ व सवड त्यांच्या संपादकांपाशी नाही. नापसंत लेखन परत येण्याचीसुद्धा प्रथा मोडली. पूर्वी साभार परत आलेल्या पाकिटातून निदान कोणीतरी ते उघडले होते एवढा निरोप तरी मिळत असे.

त्रैराशिकाने न सुटणारे गणित

मग संपादकाचे काम मंडळाने का करू नये? येथे एक गणित आडवे येते. बारा जणांचे एक मंडळ आहे असे समजू. प्रत्येक जण महिन्याला एक कथा लिहितो. मध्यम लांबीची कथा लक्षपूर्वक वाचून, काही भाग पुन्हा चाळून, चार ओळींचा अभिप्राय टिपून काढावयास एक तास लागतो असे धरू. प्रत्येकाने प्रत्येकाची कथा वाचावयाची तर दरमहा दर माणशी अकरा तास लागतील, आणि सगळ्या मंडळाचे मिळून १३२ तास. हे जड आहे, परंतु अशक्य नाही. आता मंडळ वाढून दोनशेचे झाले असे समजू. प्रत्येकाच्या वाट्याला १९९ तासांचे वाचन येईल. हे जवळजवळ कचेरीच्या महिनाभराच्या कामाइतके झाले! मंडळाचे एकूण वाचन ३९,८०० तासांवर जाईल. लेखक सुमारे सतरा पटींनी वाढले, पण वाचनाची गरज तीनशेहून अधिक पटींनी वाढली. लेखन सभासदसंख्येच्या प्रमाणात वाढते, तर परस्परवाचनाची गरज तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एवढी साधी गोष्ट ध्यानी न घेता आपली मंडळे सभासदसंख्येचा अभिमान बाळगतात आणि वार्षिक अहवालात ती ठळक अक्षरांत छापतात.

हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली असे दाखवून दिले होते की, माहिती विपुल झाली म्हणजे ती ग्रहण करणारे लक्ष दुर्मिळ होते, आणि काटकसरीने वापरावयाची वस्तू माहिती नसून लक्ष ही होय. हौशी लेखकांच्या मंडळाला हे तत्त्व तंतोतंत लागू पडते. दुर्मिळ वस्तू लेखन ही नव्हेच.

दुर्मिळ वस्तूची मागणी भागली नाही की बाजारात बनावट माल येतो. 'अप्रतिम', 'निःशब्द झालो', 'लिहीत राहा' ही ती बनावट नाणी. ती पाडावयास काही खर्च येत नाही. कथा वाचावीसुद्धा लागत नाही. मी तुला 'अप्रतिम' म्हणावे, तू मला म्हणावे. उंटाच्या लग्नात गाढवाने गावे, गाढवाने उंटाच्या रूपाची व उंटाने गाढवाच्या गळ्याची वाखाणणी करावी, या जुन्या संस्कृत विनोदातले व्यवहारज्ञान अजून शिळे झालेले नाही. ग्रेशॅमच्या नियमानुसार हलके नाणे भारी नाण्याला चलनातून हुसकून लावते. येथेही तसेच घडते. ज्याने तासभर खर्चून 'कथेचा उत्तरार्ध पूर्वार्धाशी जुळत नाही' असे लिहिले, तो कुचका ठरतो. दोन-तीनदा असा अनुभव आल्यावर तोही एक अंगठा उमटवून मोकळा होतो. खरे नाणे घरात जाऊन बसते.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. चार माणसे संध्याकाळी आनंदात असतात, कोणाचे नुकसान होत नाही, मग अर्थशास्त्राच्या मास्तराने फूटपट्टी घेऊन तेथे का यावे? ज्यांना आनंदासाठी लिहावयाचे व आनंदासाठी वाखाणून घ्यावयाचे आहे, त्यांच्याविषयी खरोखरच काही म्हणणे नाही. नुकसान दुसऱ्याच कोणाचे होते. घराण्यातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेली एखादी मुलगी असते. तिच्या घरी वर्तमानपत्र येत नाही. ती आजीच्या तोंडची अहिराणी किंवा वऱ्हाडी तशीच कागदावर उतरविते, आणि दहांतील दोन परिच्छेद असे लिहून जाते की वाचणारा चमकावा. तिच्या लेखनाला जे 'अप्रतिम' मिळते, तेच शेजारच्या मकरसंक्रांतीच्या यमकबद्ध शुभेच्छांना मिळते. बाजारात किमतीचे काम केवळ मोबदला देण्याचे नसते. काय पिकवावे व काय पिकवू नये, हे किंमत सांगत असते. सर्व मालाला एकच भाव असेल तर भाव काहीच सांगत नाही. त्या दहा परिच्छेदांपैकी आपले दोन कोणते, हे त्या मुलीला कधीच कळत नाही. प्रमाणभाषेत, वर्गात ऐकलेल्या सुभाषितांच्या थाटात लिहिलेले उरलेले आठच बहुधा ती पुढे गिरवीत राहते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो दर्जा भाषेच्या प्राचीन वैभवाला मिळाला आहे. ते दोन परिच्छेद वाचण्याची सोय त्यात नाही.

दुसरे नुकसान रोख पैशाचे आहे. बनावट नाण्यांचा मोठा साठा जमला की माणसाला आपण श्रीमंत झालो असे वाटू लागते. मग भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून कवितासंग्रह छापला जातो, प्रकाशन समारंभ होतो, पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळते, आणि उरलेल्या प्रती पलंगाखाली जाऊन बसतात. लेखकाच्या पैशाने पुस्तके काढून देणारा एक व्यवसायच आपल्याकडे उभा आहे. त्यात बेकायदेशीर असे काही नाही. मागणी तसा पुरवठा. शासनाचेही लक्ष छपाईवरच आहे. १९६० साली स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकास प्रकाशनासाठी अनुदान देते. हेतू स्तुत्य आहे, आणि त्यातून काही चांगले लेखक पुढे आले, हेही खरे. परंतु छपाई हा आता साहित्यव्यवहारातील सर्वांत स्वस्त व सर्वांत सुलभ टप्पा झाला आहे. जेथे टंचाई आहे तेथे अनुदान नाही, आणि जेथे अनुदान आहे तेथे टंचाई नाही.

भिशीचा हिशेब

यावर उपाय शोधावयास फार लांब जावे लागणार नाही. शिक्षकांच्या खोलीत, बँकेच्या शाखेत, चाळीच्या गॅलरीत जी भिशी चालते, तीच येथे मार्गदर्शक ठरावी. दहा-बारा जण दरमहा ठरलेली रक्कम एकत्र करतात, चिठ्ठी टाकतात, आणि ज्याचे नाव निघेल त्याला सारी रक्कम एकहाती मिळते. कोणालाही फुकट काही मिळत नाही. कोणी दानही करीत नाही. प्रत्येक जण जेवढे घालतो तेवढेच काढतो. फायदा एवढाच, की एरवी चिल्लर होऊन गेली असती ती रक्कम एकदम हाती पडते आणि तिच्यातून शिलाईयंत्र घेता येते. क्लिफर्ड गीर्ट्‌झ या मानववंशशास्त्रज्ञाने जावा बेटावरील 'आरिसान' या अशाच प्रथेवर १९६२ साली निबंध लिहिला. शेतकरी अर्थव्यवस्थेकडून व्यापारी अर्थव्यवस्थेकडे जाताना लागणारी ही मधली पायरी होय आणि आधुनिक पतसंस्था आल्यावर ती मागे पडेल, असा त्याचा कयास होता. आपल्याकडे तर बँकेत काम करणारेच भिशी लावतात! हा भाग वेगळा.

हौशी लेखकांच्या मंडळाने पैशाऐवजी वाचनाची भिशी लावावी. बारा जण असावेत. दर महिन्यास एकाची पाळी. त्या महिन्यात उरलेल्या अकरांनी केवळ त्याचे लेखन वाचावयाचे, दोनदा वाचावयाचे, आणि समोरासमोर बसून त्यावर बोलावयाचे. ज्याची पाळी आहे त्याला एकदम अकरा माणसांचे अखंड लक्ष मिळते. हे भांडवल मराठीतल्या नामवंत लेखकालाही सहसा मिळत नाही. प्रत्येक सभासदावर महिन्याला पडणारा बोजा दोन-तीन तासांचा. मघाच्या गणितातील वर्गाचे संकट येथे टळते, कारण सर्वांचे सर्व वाचण्याचा हट्टच सोडलेला असतो. अर्थात वर्षातून एकदाच आपली पाळी येणार, हे मान्य करावे लागते. रोज एक कविता करणाऱ्यास हे जड जाईल. पण वर्षभरातील ३६५ कवितांतून वाचावयास देण्याजोगी एक निवडण्याची पाळी त्याच्यावर आली, तर ती निवड करतानाच त्याचे अर्धे शिक्षण होऊन जाईल.

अशी देवघेव अन्यत्र कोणी करून पाहिली आहे काय? अमेरिकेत पाहिली आहे, आणि तेथील अनुभव उद्‌बोधक आहे. १८६० नंतर तेथे लहान, स्वस्त छापयंत्रे बाजारात आली आणि शाळकरी मुले घरच्या घरी चार-चार पानांची नियतकालिके छापू लागली. ती परस्परांना टपालाने पाठविण्यासाठी १८७६ साली 'नॅशनल अमॅच्युअर प्रेस असोसिएशन' आणि १८९५ साली 'युनायटेड अमॅच्युअर प्रेस असोसिएशन' या संस्था निघाल्या. दुसऱ्या संस्थेचे वैशिष्ट्य असे की, तिने सभासदांच्या लेखनाची जाहीर चिकित्सा करण्यासाठी एक स्वतंत्र विभागच ठेवला होता. पुढे भयकथांसाठी जगप्रसिद्ध झालेला एच. पी. लव्हक्राफ्ट १९१४ साली या संस्थेत आला, तेव्हा तो विशीच्या मध्यावर असलेला, शिक्षण अर्धवट सुटलेला, घरात कोंडून घेतलेला तरुण होता. त्याच्याकडे या चिकित्सा-विभागाची धुरा आली. अनोळखी पोरासोरांच्या कविता तो ओळीओळीने तपाशी, मात्रांचे दोष दाखवी. १९२१ साली त्याने लिहून ठेवले की, या हौशी मंडळाने आपल्याला आयुष्यच परत दिले. दुसऱ्यांचे वाचता वाचता तो माणसांत आला, असे म्हणावयास हरकत नाही.

अलीकडचे उदाहरण 'क्रिटर्स' या मंडळाचे आहे. विज्ञानकथा व अद्‌भुतकथा लिहिणाऱ्या हौशी मंडळींसाठी ते १९९५ साली सुरू झाले. त्याचा सारा पत्रव्यवहार संगणकाद्वारे चालतो. नियम सरळ आहे: सभासदाने चारांपैकी तीन आठवडे तरी दुसऱ्याच्या लेखनावर सविस्तर अभिप्राय पाठविला पाहिजे, तरच त्याच्या कथेला वाचक मिळतात. आधी भरणा, मग उचल. आइसलँडमध्ये सुरू झालेल्या 'क्रिटिक सर्कल' या दुसऱ्या मंडळाने तर अभिप्रायाचे रीतसर चलन केले. अभिप्राय लिहावा, गुण कमवावेत, आणि ते खर्चून आपली कथा वाचावयास ठेवावी.

चलन म्हटले की त्याची झीज आलीच. अभिप्रायाच्या लांबीवर गुण ठेवले तर लोक लांबण लावतात. संख्येवर ठेवले तर मोघम लिहितात. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली चलनधोरणासंबंधी जे सांगितले, त्याचा मथितार्थ असा की, एखादे माप हेच उद्दिष्ट बनविले की ते माप निरुपयोगी होते. आम्हा प्राध्यापकांना हे वेगळे शिकविण्याची गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली शोधनिबंधांना गुण लावले, आणि पाहता पाहता पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. लेखक आहे, छापील पान आहे, क्रमांक आहे. वाचक मात्र कोणीच नाही. हौशी कवीला हसण्यापूर्वी विद्वानांच्या या कट्ट्याकडे एकदा पाहून घ्यावे. म्हणूनच गुणांच्या यंत्रणेपेक्षा भिशी बरी वाटते. भिशीत हिशेब माणसे ठेवतात. मागच्या महिन्यात कोण न वाचताच आला होता, हे अकरा जणांना न सांगता कळते, आणि ते पुढच्या वर्षी त्याला घेत नाहीत.

आपल्याकडेही या वाटेने चाललेले लोक झाले आहेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेहून 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालविण्यास प्रारंभ केला. २०१८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी ते सांभाळले. दलित लेखकांच्या किती पिढ्या त्यातून घडल्या, हे मराठी वाचकास सांगावयास नको. पण त्यांनी भरविलेल्या मेळाव्यांचे नाव नीट पाहण्यासारखे आहे. ते लेखक-वाचक मेळावे होते. साहित्य संमेलनाच्या नावात वाचक कोठे नाही. येथे तो लेखकाच्या बरोबरीने होता. गावोगावचे तरुण, त्यांतील कित्येक शिक्षक व कारकून, स्वखर्चाने तेथे येत व परस्परांना ऐकत. ज्यांचे लेखन वाचावयास प्रस्थापित मंडळींपाशी सवड नव्हती, त्यांनी आपले वाचक आपणच निर्माण केले. १८८५ साली महात्मा फुले यांनी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण नाकारले, त्यामागचा विचार येथे आठवतो. जे इतरांचे माणूसपण मान्य करीत नाहीत, त्यांच्या मेळ्यात मिसळून आपले भले होणार नाही, असा त्यांचा रोख होता. कोणाबरोबर वाचावयास बसावे, हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नव्हे.

यातूनच मराठी मंडळांपुढील सर्वांत अवघड अडचणीकडे यावे लागते. ती अडचण भिडेची. कचेरीतल्या मंडळात साहेब कविता वाचतात तेव्हा तीत दोष काढणार कोण? महाविद्यालयातील वाङ्मय मंडळात 'सर, तुमच्या ललित लेखाचे दुसरे पान कंटाळवाणे झाले आहे' हे वाक्य उच्चारणारा विद्यार्थी आमच्या पाहण्यात नाही. वय, हुद्दा, जात, शहर-खेडे या साऱ्या पायऱ्या आपण मंडळात शिरताना चपलांबरोबर बाहेर काढून ठेवीत नाही. परदेशस्थ मराठी मंडळींनी १९९६ साली सुरू केलेल्या 'मायबोली'सारख्या ठिकाणी लोक टोपणनावाने लिहीत आले, त्याचा एक लाभ हा झाला की समोरचा साहेब आहे की उमेदवार, हे वाचणाऱ्यास ठाऊक नसे. पण टोपणनावाआडून बोलणाऱ्याला शब्दाची किंमतही मोजावी लागत नाही, आणि तेथे स्तुतीइतकीच कुचाळकीही स्वस्त होते. समोरासमोरच्या भिशीत ती सोय नाही. तेथे अट एकच ठेवता येते: कोणीही कोणाचा वरिष्ठ अधिकारी, परीक्षक किंवा मार्गदर्शक असू नये. शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या मंडळास खोली मिळवून द्यावी, आणि स्वतः आपल्या बरोबरीच्यांत दुसरीकडे बसावे.

वाचणाऱ्यास समीक्षेची परिभाषा यावी लागत नाही. किंबहुना ती न आलेली बरी. 'प्रतिमासृष्टी', 'आशयगर्भ', 'अनुभूतीचे पदर' या शब्दांनी लेखकाला आपल्या कथेविषयी काही कळत नाही. वाचकाने प्रथम कथेत काय घडले, ते आपल्या शब्दांत सांगावे. अकरापैकी सात जणांनी वेगळेच काही सांगितले, तर लेखकाला दुसऱ्या चिकित्सेची गरजच उरत नाही. मग आपले लक्ष कोठे उडाले, ते सांगावे. 'चौथ्या पानावर मी घड्याळाकडे पाहिले' हे वाक्य एखाद्या परिसंवादातील तासभराच्या भाषणाइतके मोलाचे आहे. कोणते वाक्य दुसऱ्या दिवशी आठवले, तेही सांगावे. मघाच्या मुलीला आपले दोन परिच्छेद सापडतील ते येथेच. आणि लेखकाने त्या वेळी बोलू नये. 'मला तेथे असे म्हणावयाचे होते' हा खुलासा कागदावर नसेल, तर तो बैठकीत करून उपयोग नाही.

महाविद्यालयांना यात काही करता येईल काय? वार्षिक अंकासाठी विद्यार्थ्यांचे जे लेखन येते, त्यातून निवड होते आणि उरलेले कपाटात पडते. न निवडलेल्या प्रत्येक लेखनावर तीन ओळी लिहून ते विद्यार्थ्याला परत द्यावे, एवढे केले तरी पुष्कळ झाले. अडचण खरी आहे. प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात, तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्याला तासाचा मोबदला मिळतो, आणि कथा वाचण्याचा तास कोणत्याच वेळापत्रकात नसतो. तेव्हा हे काम केवळ शिक्षकांच्या सद्‌भावावर सोपवून चालणार नाही. विद्यार्थ्यांनीच परस्परांत वाटून घ्यावे. गावातील सार्वजनिक ग्रंथालये मात्र सहज साहाय्य करू शकतील. १९६७ च्या कायद्यान्वये शासनमान्यता मिळालेली अशी ग्रंथालये राज्यात अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. संध्याकाळी त्यांतील पुष्कळांच्या वाचनकक्षात वर्तमानपत्रांची थप्पी आणि दोन निवृत्त गृहस्थ एवढेच असतात. महिन्यातून एकदा एक मेज व बारा खुर्च्या देण्यास कोणत्याही ठरावाची वा अनुदानाची गरज पडू नये. अनुदान मागूही नये. भिशीला सरकारी मान्यता मिळाली तर तिचे नियम परिपत्रकाने ठरतील.

आता पहिली पाळी कोणाची, हा प्रश्न उरतो. पैशाच्या भिशीत तो चिठ्ठीवर सोडतात. येथे तसे न करता पहिली पाळी मंडळातील सर्वांत ज्येष्ठ, सर्वांत अधिक छापून आलेल्या सभासदाने घ्यावी. त्याच्या कथेवर धाकट्यांनी मोकळेपणी बोलावे आणि त्याने ते मुकाट्याने ऐकून घ्यावे. उरलेल्यांची भीड चेपावयास याहून चांगला मार्ग दिसत नाही. ज्येष्ठांची याला तयारी नसेल तर भिशी लावण्याच्या भरीस पडू नये. सरळ काव्यवाचनाचा कार्यक्रम ठेवावा. त्याला चहा पुरतो.